माहेरी येणाऱ्या बाळासाठी दिवाळीची गोधडी

बहीण तान्हं बाळ घेऊन दिवाळीला माहेरी येणार असेल, तर आईच्या जुन्या सुती साडीची गोधडी शिवा. घटस्थापनेला कापड अंथरलं, की रोज तासभर बसून भाऊबीजेपर्यंत सहज होते. साडेपाच मीटरच्या साडीतून पाऊण मीटरचे सात तुकडे निघतात. चारच थर घ्या. जाड वाकळ मोठ्या माणसांना, बाळाला ती जड होते. नायलॉन, जॉर्जेट अजिबात नको. वरून नवं सुती कापड लावणार असाल तर आधी धुवा. ते पहिल्या धुण्यात आटतं, जुनी साडी आटत नाही, मग सगळीकडे चुण्या पडतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का तेही बघा.

आता थर अंथरणं. माझी पहिली गोधडी इथंच बिघडली. 'मांडीवर घेऊन शिवत जा, आपोआप बसते,' असं सगळ्या सांगत होत्या. शिवून झाल्यावर बघते तर मधोमध सुतळीएवढी जाड घडी! भाच्याला निजवलं, तर उठल्यावर त्याच्या पाठीवर लाल वळ. उदगीरच्या घरी रात्रभर बसून ती मी उसवली.

तेव्हापासून मी पुसलेल्या फरशीवरच अंथरते. एक थर टाकायचा, तळहात मधून कडेकडे फिरवायचा, मगच दुसरा. चारी कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवा. मग कच्चे टाके घाला: आधी मधून चारी बाजूंना, नंतर कोपऱ्यांकडे, दोन ओळींत चार बोटांचं अंतर. कापड फरशीवरून उचलायचं नाही. प्रत्येक ओळीनंतर हात फिरवा. कुठं फुगवटा लागला तर ती ओळ लगेच काढा. धुतल्यावर फुगवटा बसत नाही, वाढतो. यात अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. हे झालं, की खुशाल मांडीवर घ्या.

कडा आत दुमडून कडेपासून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घाला. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, फेऱ्यांत दोन बोटं अंतर. गाठी थरांच्या आत दडवा, बाळाला टोचतात.

शेवटी कच्चे टाके ओढून काढा, सुया मोजून डबीत ठेवा, गोधडी धुऊन कडक उन्हात वाळवा. देताना चमकीच्या कागदात गुंडाळू नका. नुसती घडी आईच्या हातात द्या, आपली साडी ती काठावरून लगेच ओळखेल.