समपर्जन्य रेषांचा नकाशा: पेन्सिल उचलण्याआधी

समपर्जन्य रेषा म्हणजे सारखा पाऊस झालेली ठिकाणं जोडणारी रेषा. ती काढण्याआधी पावसाच्या आकड्यांचा तक्ता वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो. सगळ्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांचे आकडे त्याच चोवीस तासांचे आहेत ना, हे तपासा. नोंद नसेल तिथे शून्य नको, आडवी रेघ मारा. शून्य लिहिलंत की नकाशावर त्या केंद्राच्या टिंबाभोवती नसलेला कोरडा पट्टा उमटतो.

आउटलाइन मॅप, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी, टोक केलेल्या २एच आणि एचबी पेन्सिली, पट्टी, डिव्हायडर, फ्रेंच कर्व्ह (वळणदार रेषा काढायची पट्टी) आणि मऊ खोडरबर सोबत हवा. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत ट्रेसिंग पेपर फुगतो. तो नळीत घालून आणा, चारही कोपरे चिकटवा आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर घामाने शाई फिसकटते.

सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करून साधारण सहा-सात रेषा येतील असा दोन रेषांमधल्या पावसाच्या फरकाचा पूर्णांकी आकडा निवडा. मग खरं काम. एका केंद्रावर १८० मिमी, शेजारी २६० आणि नकाशावर मधलं अंतर ४ सेंमी असेल, तर फरक ८०. दर २० मिमीला एक रेषा धरली, तर २०० ची रेषा पाव अंतरावर, म्हणजे १८० पासून १ सेंमीवर जाते, २२० ची २ वर, २४० ची ३ वर. या खुणा २एचने अगदी हलक्या करा. चार केंद्रांच्या चौकोनात समोरासमोरचे दोन कोपरे जास्त आणि दोन कमी असले, तर रेषा दोन प्रकारे जोडता येते. अशा वेळी चौघांची सरासरी मध्यबिंदूवर लिहून निर्णय घ्या.

हे गणित पाऊस सारख्या उताराने बदलतो असं धरतं, आणि आपल्याकडे तो तसा बदलत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर, पायथ्याच्या वाईला १,००० च्या आत. तिथे रेषा घाटमाथ्याला समांतर, पूर्वेकडे दाटीने काढाव्या लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, तर कुलाब्याला जेमतेम ७४. या दोनच आकड्यांवर मधे समान अंतराच्या नऊ रेषा सहज बसतात, पण त्यांना आधार नसतो. मधल्या केंद्रांचे आकडे मिळवाच. नाहीच मिळाले तर रेषा तुटक ठेवा.

रेषा एकमेकींना छेदत नाहीत, त्यांना फाटे फुटत नाहीत, नकाशाच्या मधेच संपतही नाहीत. शाई लावण्याआधी एकेक टिंब बघा: २३५ चं टिंब २४० च्या पलीकडे गेलेलं इथेच सापडतं.