स्कीइंग येतं आणि तरी लेसन घेताय? मग या चुका टाळा

नाशिकहून दर हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणारे जुने स्कीअर परत आल्यावर हमखास म्हणतात, "लेसन घेतला, पण फरक काही पडला नाही." नवशिक्यांची अशी तक्रार नसते, कारण ते सांगितलेलं मुकाट्याने करतात. ज्यांना येतं, त्यांचंच अडतं. आणि चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे अवघड उतारावर लेसन मागणं. गंगापूर रोडला राहणाऱ्या आमच्या एका मित्राने बरेच हिवाळे स्कीइंग केलंय. त्याने प्रायव्हेट लेसन लावला. इन्स्ट्रक्टर म्हणाला, आधी खालच्या सौम्य उतारावर साइडस्लिप, म्हणजे स्की उताराला आडव्या ठेवून कडेने खाली घसरणं, करून दाखवा. मित्राचं उत्तर, "हे लहान मुलांचं आहे. मी गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरून उतरतो, वर चला." गेले दोघं गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर, ३,९०० मीटरच्या वर. तिथे याचं सगळं लक्ष न पडण्यावर. इन्स्ट्रक्टर ओरडतोय, "वजन आगे, साहब!" आणि हा टाचांवर बसलेला.

असं होणारच. भीती वाटली की शरीर उतारापासून मागे झुकतं, स्कीच्या पुढच्या टोकावरचा दाब जातो आणि वळण सुरूच होत नाही. मग माणूस खांदे फिरवून स्की ओढतो. संध्याकाळी मांड्या पेटतात आणि दोष दिला जातो फिटनेसला. पैसे पूर्ण गेले, जुनी सवय मात्र आणखी घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खालच्या मैदानाजवळ नेलं आणि दोन्ही बाजूंनी साइडस्लिप करायला लावलं. उजवा पाय खाली असताना तो सरळ, संथ घसरत होता. डावा पाय खाली आला की स्की झटके खायची. त्याचं उजवीकडचं वळण बिघडायचं ते याचमुळे, कारण त्या वळणात बाहेरची स्की डावी असते आणि हा तिच्यावर वजनच देत नव्हता. अवघड उतारावर हे कधीच दिसलं नसतं. तिथे माणूस जीव सांभाळतो, सवय बदलायला लक्ष उरत नाही. माझा नियम साधा आहे: नवीन काही शिकायचं तर रोजच्यापेक्षा दोन पायऱ्या सोप्या उतारावर. आतली स्की जराशी उचलून वळणं घ्यायची. उचलता आली नाही, तर वजन कुठे आहे ते कळलंच. या कामाला ज्यांच्याकडे धीर नाही त्यांनी लेसनवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक बुटांची. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे बहुतेकांचे बूट भाड्याचे. दुकानात आरामदायक वाटतो म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात, वर दोन मोजे चढवतात. असा बूट असला की पाय आधी आत हलतो, मग स्की हलते. जगातला उत्तम इन्स्ट्रक्टरही तिथे काही करू शकत नाही. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत आणि टाच उचलली जाऊ नये. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी. मोजा एकच आणि पातळ. मी खालची बकलं हलकी लावतो, वरची घट्ट, आणि पहिल्या रननंतर पुन्हा आवळतो, कारण तोवर बूट थोडा सैल झालेला असतो.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, आणि ती किती जोराने सुटेल हे ठरवणारा आकडा म्हणजे डिन; तो प्रतिष्ठेसाठी वाढवून सांगू नका. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत पाहून ठरतो. पडताना स्की सुटली नाही तर गुडघा जातो.

मित्राकडून फुकट शिकू नका. एका लेसनमध्ये पाच दुरुस्त्या मागू नका, एक पुरे. वेग आवरत नसेल तर ब्रेक मारायला शिकू नका, वळण पूर्ण करायला शिका: स्की उताराला आडवी येईपर्यंत.

तयारीबद्दलही एक सांगतो. नाशिक सायकलवाल्यांचं गाव आहे आणि सायकलमुळे मांड्या भक्कम होतात हे खरंच. पण पेडल मारताना स्नायू आखडत जोर लावतो, तर स्कीइंगमध्ये ताणला जात असताना भार पेलतो. तो सराव उतरताना होतो. म्हणून नोव्हेंबरपासून पांडवलेणीच्या पायऱ्या चढा कशाही, उतरा मात्र सावकाश, गुडघे वाकवून. अंजनेरी उतरलात तर आणखी चांगलं.

लेसन शेवटच्या दिवशी तर नकोच, पहिल्या दिवशीही नको. आपण नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवरून थेट गुलमर्गला २,६०० मीटरच्या वर पोहोचलेले असतो, धाप लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. दुपारी मित्रांबरोबर वर जाऊ नका. त्याच सोप्या उतारावर एकटे राहा आणि सकाळची तेवढी एकच गोष्ट लिफ्ट बंद होईपर्यंत करत बसा.