इंग्रजी यमके शोधण्याची अडचण मी कशी सोडवली

इंग्रजीत कविता लिहिताना यमके शोधणे मला जड जात असे, कारण शब्दकोश शब्दाच्या आरंभापासून लावलेला असतो आणि यमक तर शेवटी असते. शेवटची अक्षरे पाहून जुळवावे, तर ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ कागदावर सारखे दिसूनही कानाला जुळत नाहीत. उलट ‘ब्लू’, ‘शू’ आणि ‘थ्रू’ यांचे स्पेलिंग निरनिराळे असूनही ते चोख जुळतात.

तोडगा निघाला तो कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोफत उच्चारकोशामुळे. त्यात सव्वा लाखाहून अधिक शब्द 39 ध्वनींच्या खुणांनी लिहिलेले असून प्रत्येक स्वरापुढे आघाताचा, म्हणजे उच्चारताना त्यावर पडणाऱ्या जोराचा, 0, 1 किंवा 2 हा आकडा असतो. मुख्य आघाताच्या, म्हणजे 1 आकड्याच्या, स्वरापासून शेवटपर्यंतचे सर्व ध्वनी सारखे आणि त्या स्वराच्या लगेच आधीचे व्यंजन वेगळे असले, की यमक पक्के. म्हणूनच ‘नेशन’ला ‘स्टेशन’ चालते, ‘पॅशन’ चालत नाही. (उच्चार अमेरिकी वळणाचे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.)

अर्थ मात्र हा कोश देत नाही, आणि अर्थावाचून कधीकधी यमकही ठरत नाही: टी-ई-ए-आर या स्पेलिंगचा अर्थ अश्रू असेल तर तो ‘टिअर’ होऊन ‘फिअर’शी जुळतो, फाडणे असेल तर ‘टेअर’ होऊन ‘केअर’शी. त्यामुळे जुळणाऱ्या शब्दांची यादी हाती आल्यावर मी साधा शब्दकोश उघडून प्रत्येकाचा अर्थ आणि एक उदाहरणवाक्य वाचतो, आणि जो शब्द मला स्वतःच्या वाक्यात सहज वापरता येत नाही तो कितीही सुरेख जुळला तरी वगळतो.