बाहुल्यांचा सुट्टी विशेष: २२ मिनिटांचा विनोदी कार्यक्रम कसा चित्रित कराल

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. त्यात तीन-चार बाहुल्या, एक अडचण आणि सणाचे दिवे लागायच्या आत ती सोडवायची घाई, एवढंच बसतं. पाचवं पात्र आणलंत की विनोदाला लागणारी उसंत संपलीच म्हणून समजा.

बोलक्या हातबाहुलीसाठी १२ मिलिमीटर जाडीचा फोम आणि वरून फ्लीस, म्हणजे मऊ लवेचं कापड, घ्या. फ्लीसची शिवण लवेत लपते. जबड्याच्या आत जाड पुठ्ठा लावून बोटांसाठी आणि अंगठ्यासाठी पट्टे बसवा. पट्टे सैल राहिले तर ऐन वाक्यात हात निसटतो. डोळे मात्र लगेच चिकटवू नका. टाचणीने टोचून बाहुली कॅमेऱ्यासमोर धरा. बुबुळं अगदी मधोमध असली की बाहुली शून्यात बघते. दोन-तीन मिलिमीटर नाकाकडे सरकवलीत की ती कोणाकडे तरी बघायला लागते. सगळा अभिनय या नजरेवर उभा असतो, तेव्हा इथे अर्धा दिवस गेला तरी चालेल. चकचकीत डोळ्यांवर दिव्यांचे ठिपके उमटतात, म्हणून रंग मॅटच हवा.

पुठ्ठ्याच्या चौकटीमागे लपून खेळ करायची टीव्हीवर गरज नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘मपेट्स’ बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांनी पडद्याची चौकट हाच रंगमंच मानला, आणि खेळवणारे कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटरवर बघून हात हलवू लागले. आजही पद्धत तीच आहे. सेटची जमीन खेळवणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला उचला, किंवा त्याला चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसवा. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. मॉनिटर खाली, मान न वळवता दिसेल असा, दोन खेळवणाऱ्यांत एक. त्यातलं चित्र आरशासारखं उलटवू नका, नाहीतर दिग्दर्शकाची ‘डावीकडे’ आणि तुमची ‘डावीकडे’ वेगळी होते. हात उजवीकडे नेला की बाहुली पडद्यावर डावीकडे जाते. याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तालीम पहिल्या दिवसापासून मॉनिटरसमोरच करा.

आता तोंड. ‘सुट्टी आली’ या वाक्यात उच्चाराचे चार ठोके आहेत: सुट्, टी, आ, ली. तोंड चारदा उघडायचं. ‘सुट्’ला जेमतेम, ‘आ’ला पूर्ण. उघडताना अंगठा खाली जातो, वरची बोटं जागची हलत नाहीत. नवशिक्यांची बोटं वर उडतात, मग प्रत्येक शब्दाला बाहुली छताकडे बघते. दुसरी चूक म्हणजे ठोक्यावर तोंड मिटणं. त्याने बाहुली शब्द चावून खातेय असं वाटतं. वाक्य संपलं की तोंड बंद. गाणी आधी ध्वनिमुद्रित करून घ्या. संवाद मात्र डोक्याला माइक लावून सेटवरच बोला, कारण आवाज आणि हात एकाच माणसाचे असले की वेळ आपोआप जुळते.

मुलांना सगळ्यात जास्त हसवतं ते बाहुलीला न दिसणारं, पण त्यांना दिसणारं काहीतरी. आकाशकंदील मागे हळूहळू कलतोय आणि बाहुली ‘सगळं तयार!’ म्हणतेय. तो पडला की लगेच संवाद नको. आधी बाहुली कंदिलाकडे बघेल, मग मैत्रिणीकडे, मग थेट कॅमेऱ्यात; शेवटच्या नजरेवर मनात दोन आकडे मोजा आणि मगच बोला. संकलनात हाच थांबा पहिल्यांदा कापला जातो, म्हणून पटकथेतच तो ठळक लिहून ठेवा.

वर धरलेला हात दोन-तीन मिनिटांत थकतो आणि बाहुली जमिनीत बुडायला लागते. मॉनिटरच्या काचेवर तिच्या कमरेच्या रेषेला चिकटपट्टी लावा, म्हणजे बुडणं लगेच कळतं. टेक छोटे घ्या, मधे हात खाली सोडू द्या. घामाने फोम खराब होतो, तेव्हा आत सुती हातमोजा घाला. मुख्य बाहुलीची जोडबाहुली तयार असू द्या. पणत्या-मेणबत्त्या खऱ्या नकोत: फोम झटकन पेट घेतो, धूर विषारी असतो आणि खालच्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात. लुकलुकणारे एलईडी दिवे कॅमेऱ्यात तसेच दिसतात.