स्वप्नातलं गॅरेज, विश्वामित्रीच्या काठी

स्वप्नातल्या गॅरेजात कुठल्या गाड्या ठेवायच्या हे तुमचं ठरलेलंच असणार. माझंही होतं, तीन जुन्या गाड्या : कॉन्टेसा १.८ जीएलएक्स, पॅलिओ १.६ जीटीएक्स आणि पहिल्या खेपेतली झेन. फेरारी भिंतीवरच्या पोस्टरातच बरी, तिचे सुटे भाग बडोद्याच्या मंगळबाजारात मिळत नाहीत. पण बडोद्यात राहत असाल तर गाडीच्या आधी गॅरेजच्या जोत्याचा विचार करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं धोक्याची २६ फुटांची खूण कधीच मागे टाकली आणि पाणी आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे घराच्या, पोर्चमध्ये आलं. कॉन्टेसा आदल्या रात्री पुलावर नेऊन लावली होती. झेन राहिली. पाणी ओसरल्यावर मला धीर निघेना, किल्ली फिरवली. ‘टक्’ एवढाच आवाज. सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. जन्म पंप-कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्समध्ये गेलेल्या माणसानं हे करावं! बुडालेली गाडी कधीही सुरू करायची नाही. बॅटरी सोडवा, प्लग काढा, ऑईल बदला, मग पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघा.

आता जोतं. रस्त्यापासून तीन फूट वर घेतलं तर छानच, पण दर फुटामागे निदान सहा फूट उतार धरावा लागतो, नाहीतर कॉन्टेसाचा सायलेन्सर घासतो. माझ्याकडे बारा फूटच जागा, म्हणून दोन फुटांवर थांबलो. दर गाडीला दहा फूट रुंदी ठेवा. दार पूर्ण उघडलं पाहिजे. खाली उतरून काम करायला पिट खणायचा मोह होईल, खणू नका. पावसाळ्यात ती विहीर होते. लोखंडी रॅम्प आणि स्टँड पुरतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरायचं नाही.

पॅलिओ अजून शोधतोय. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवतो, दाराखालच्या पट्टीवर आणि चाकाच्या कमानीवर फिरवतो. चिकटला नाही तर तिथं पुट्टी आहे. चासी नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, अंक-अंक जुळवतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून भाव करतो.

कागदांत एक गैरसमज फार आहे. ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि ती गाडी रोज फिरवता येत नाही. आपल्या नव्वदीतल्या किंवा त्यानंतरच्या गाड्या त्यात बसत नाहीत. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, बस्स.

पेट्रोलकडे मात्र नीट बघा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. बॉनेट उघडल्यावर वास आला की थांबा, पाइप बोटांनी दाबा. चिकट लागला तर विटॉनचा, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा, घाला. कार्ब्युरेटरमधल्या वॉशरांचीही तीच कथा.

गाडी नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद करणं ही काळजी नव्हे. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आतून गंजतो. मी दर दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला पादरा गावापर्यंत जाऊन येतो, म्हणजे ऑईल पुरतं तापतं. गाडीवर सुती कव्हर घालतो, प्लॅस्टिकचं नाही, त्यात ओल कोंडते. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडतो आणि टायरमध्ये पाचेक पाउंड हवा जास्त भरतो. हँडब्रेक ओढून ठेवत नाही, ओलीत मागचे ब्रेक शू धरून बसतात. चाकांना विटा लावतो. तुळशीवृंदावन बांधून उरलेल्या चार विटा आहेत, आमची ही दर वेळी मोजून घेते.