टॉवेलच्या धंद्यातले निर्णय: हिशेबाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि उत्पादन-नियोजन हे माझे काम आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन येथे येणाऱ्या मुलामुलींना मी सर्वांत आधी हे सांगतो की, कोणता माल काढायचा हे ठरवताना नगामागे किती रुपये सुटतात एवढेच पाहू नका. एका मागावर, एका पाळीत किती सुटतात ते पाहा.

समजा, सूत, रंगणी, मजुरी आणि वीज वजा जाता नक्षीच्या जॅकार्ड टॉवेलवर नगामागे २४ रुपये उरतात आणि साध्या टॉवेलवर १५. वरवर पाहता नक्षीचा मालच परवडतो असे वाटते. परंतु एका मागावर पाळीला नक्षीचे ४० आणि साधे ८० नग निघत असतील, तर पहिल्यातून ९६० रुपये मिळतात आणि दुसऱ्यातून १,२००. माग मोजके असतात, पाळ्याही ठरलेल्या असतात. म्हणून जे कमी पडते त्याच्याच हिशेबाने नफा मोजावा लागतो. मंदीत माग रिकामे उभे राहिले की हे गणित बदलते, कारण तेव्हा तुटवडा मागांचा नसून ऑर्डरींचा असतो आणि नगामागचा आकडा पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

विक्रीची तुलना करताना तर विशेष सावध राहावे. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते आणि २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, १२ नोव्हेंबरला. या दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवून ‘यंदा बाजार थंड आहे’ असे म्हणणे, आणि त्या भरवशावर सुताची खरेदी थांबवणे, धोक्याचे आहे. दिवाळीआधीचा आठवा आठवडा गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या आठव्या आठवड्याशी ताडून पाहावा. लग्नसराईतल्या आहेराच्या मालाचेही तसेच. तेथे मुहूर्त पाहूनच आठवडे लावावे लागतात. जुन्या मालकांचा अंदाज बहुधा पक्का असतो, आणि म्हणूनच तो आकड्यांवर तपासून पाहण्यात त्यांचा अनादर होत नाही.

उधारीचा खर्च भावातच धरावा. वर्षाला १२ टक्के व्याज असेल, तर ९० दिवसांची उधारी जवळजवळ ३ टक्के खाऊन जाते.

हे सारे ज्या नोंदींवर उभे आहे, त्या मात्र मागांच्या खात्यात जाऊन स्वतः पाहाव्यात. पाळीच्या वहीत बऱ्याचदा ‘माग बंद’ एवढेच लिहिलेले असते. सूत तुटत होते, बीम (ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत गुंडाळलेला रूळ) संपला होता की वीज गेली होती, हे त्यातून कळत नाही. आणि पहिल्या कारणावर सुताचा व्यापारी बदलावा लागेल, दुसऱ्यावर ताण्याचे नियोजन सुधारावे लागेल, तर तिसऱ्यावर पाळीच्या वेळा. वहीत कारणाचा एक रकाना वाढवून घ्या, आणि तो भरायला सांगण्याआधी ती नोंद जॉबरच्या, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या कारागिराच्या, स्वतःच्या कामाला कशी येईल हे त्याला नीट समजावून सांगा.