इन्सुलिन सोडणारी गाठ: निदानात या चुका टाळा

नौपाड्यातली माझी आत्या पहाटे चारला उठून स्वयंपाकघरातले डबे उघडत बसायची. गाऊन घामाने चिंब, हात थरथरते, विचारलं तर भलतंच बोलायची. चहात बिस्किटं बुडवून खाल्ली की पंधरा मिनिटांत पूर्ववत. दोन वर्षं आम्ही कधी फिट म्हटलं, कधी टेन्शन. निघाली स्वादुपिंडातली बारीकशी गाठ, इन्सुलिनोमा: ती नको तेव्हा इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर उतरते.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे 'फास्टिंग नॉर्मल आहे' यावर विसंबणं. आत्याने चारला खाल्लेलं असायचं आणि रक्त आठला घेतलं जायचं! साखर मोजायची ती त्रास होत असताना. घरात कुणाला डायबेटिस नसला तरी ग्लुकोमीटर आणा. बोट टोचून आकडा लिहा आणि लगेच साखर द्या. मशीन हाताशी नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल गाठा.

त्रास, त्याच वेळी ५५ (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली साखर, आणि साखर दिल्यावर आराम, हे तिन्ही जुळलं की एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. ते ॲडमिट करून जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवतात आणि साखर उतरली की त्याच रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सोबत तयार होणारा तुकडा) बघतात. हा उपास घरी करून बघू नका. काकांची डायबेटिसची गोळी, ग्लिमेपिराइड, चुकून पोटात गेली तरी रिपोर्ट हुबेहूब असाच येतो, म्हणून घरातली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून सुटलो, असंही समजू नका. या गाठी बहुधा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असतात, सीटी स्कॅनलाही हुलकावणी देतात. आत्याची एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये (तोंडातून नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी) सापडली.

अशाच दुसऱ्या, सेरोटोनिन हे हार्मोन सोडणाऱ्या गाठीत चेहरा लाल होतो, जुलाब थांबत नाहीत. तिथे २४ तासांची लघवी तपासतात. केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो आधीचे दोन-तीन दिवस बंद, नाहीतर आकडा खोटाच वाढतो. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलने क्रोमोग्रॅनिन (अशा गाठींसाठी रक्तात बघतात ते प्रोटीन) वाढतं, पण ती गोळी स्वतःहून सोडू नका.

इन्सुलिनोमा बहुतेकदा कॅन्सर नसतो, ऑपरेशनने जातो. तोवर डायझॉक्साइड हे औषध साखर सावरतं. पसरलेल्या न्यूरोएंडोक्राइन (अशा हार्मोन सोडणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी किरणोत्सारी ल्युटेशियमची थेरपी आहे, आणि ते ल्युटेशियम आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. दुसरं मत हवं असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र टाटा मेमोरियलचंच आहे.

ऑपरेशननंतर आत्याची साखर उलट वाढली आणि आम्ही रात्रभर हादरून बसलो. गाठीमुळे निपचित पडलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या चांगल्या पेशी कामाला लागायला काही दिवस जातात, हे सकाळी राउंडला कळलं.